ऑपरेशनला ससा उपाशी आणू ना, डॉक्टर?

मुंबईत कुत्र्याला डॉक्टर गल्लोगल्ली मिळतो. मांजरालाही मिळतो. ससा असला की मात्र आधी फोन करून विचारावं लागतं आणि पलीकडून बहुतेक वेळा एकच उत्तर येतं : "हो हो, बघतो की. घेऊन या." आम्हा ससेवाल्यांची पंचाईत या "बघतो की"पासून सुरू होते. ससा बघायला काय, सोसायटीचा वॉचमनही रोज येतो.

दवाखान्याच्या केसपेपरवर डॉग आणि कॅट असे दोन चौकोन छापलेले असतात. खाली 'अदर' म्हणून एक बारीक ओळ असते. तिथे पोपट, कासव, गिनीपिग आणि आपण असे सगळे दाटीवाटीने राहतो. डॉक्टरांना तरी का दोष द्यावा? दिवसभर त्यांच्यापुढे लॅब्राडोर येतात आणि ससा उगवतो कधीतरी. अडचण अशी की सशाचं पोट कुत्र्याच्या नियमाने चालत नाही. ते चोवीस तास चालू राहावं लागतं आणि चालू राहायला वरून सतत गवत पडावं लागतं. गवत थांबलं की आतडं मंदावतं, गॅस धरतो, दुखायला लागतं, दुखतं म्हणून ससा आणखी खात नाही, आणि या फेऱ्यात तो एका दिवसात हाताबाहेर जाऊ शकतो. सशाचं सगळं वैद्यक या एका वाक्यावर उभं आहे : याला उपाशी ठेवू नका. आणि नेमकं या शहरात जो भेटतो तो त्याला उपाशी ठेवायला टपलेला असतो.

पहिला मान घरच्या वडीलधाऱ्यांचा. सशाने सकाळपासून तोंड लावलं नाही म्हटलं की आजी सांगतात, "नसेल भूक. एक दिवस लंघन बरं असतं." माणसाला असेल. सशाने दहा-बारा तास काही खाल्लं नाही आणि लेंड्याही टाकल्या नाहीत, तर ती इमर्जन्सी असते. उद्या बघू, रविवार आहे, पाऊस थांबू दे, यातलं काहीही चालत नाही.

म्हणून डॉक्टर आजारपणाआधी शोधून ठेवायचा. ससा ठणठणीत असताना, दुपारच्या निवांत वेळी फोन करायचा आणि डॉक्टरांची तोंडी परीक्षा घ्यायची. फक्त परीक्षा चालू आहे हे त्यांना कळता कामा नये. "तुम्हाला सशातलं कळतं का?" असं विचारलं तर कुठलाही डॉक्टर भडकेल, आणि त्याचं बरोबरच आहे. म्हणून आवाज जमेल तितका आज्ञाधारक करून विचारायचं, "डॉक्टर, ऑपरेशनला आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवून आणू ना?"

कुत्र्या-मांजराला भूल देण्याआधी उपाशी ठेवतात, कारण भुलेत उलटी झाली तर ती फुप्फुसात जाऊ शकते. सशाला उलटी करताच येत नाही, त्याच्या शरीरात ती सोयच नाही. त्यामुळे उपाशी ठेवून फायदा शून्य आणि पोट बंद पडण्याची भीती शंभर टक्के. तेव्हा "हो, रात्री बारानंतर पाणीसुद्धा नको" असं उत्तर आलं तर "बरं डॉक्टर, थँक्यू" म्हणून फोन ठेवायचा आणि पुढचा नंबर लावायचा. "अजिबात नाही! उलट त्याचं गवत बरोबर आणा, शुद्धीवर आला की लगेच खायला लागेल," असं ऐकू आलं तर हातातलं काम टाकून तो नंबर घरातल्या प्रत्येक मोबाइलमध्ये सेव्ह करायचा.

दुसरा प्रश्न औषधाचा. "घरात मुलाचं अमॉक्सिसिलिनचं सिरप उरलंय, थोडं देऊ का?" या प्रश्नाला जो डॉक्टर ओरडतो तो आपला. पेनिसिलिनच्या कुळातली औषधं, म्हणजे अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन, आणि त्यांच्या जोडीला क्लिंडामायसिन, लिंकोमायसिन, तोंडाने दिली तर सशाच्या पोटातले कामाचे जंतू मरतात. त्यांच्या जागी क्लॉस्ट्रिडियम नावाचा घातक जंतू माजतो, त्याचं विष रक्तात भिनतं आणि काही दिवसांत ससा जातो. म्हणून तोंडाने द्यायचं प्रतिजैविक असेल तर जाणकार डॉक्टर एन्रोफ्लॉक्सासिन किंवा ट्रायमेथोप्रिम-सल्फाकडे वळतात. शेजारच्या केमिस्टला विचारू नये. तो मनाने चांगला माणूस असतो आणि गुलाबी सिरप लगेच काढून देतो.

तिसरा प्रश्न पिसवांचा. कुत्र्याच्या मानेवर गोचिडांसाठी जे फिप्रोनिलचे थेंब टाकतात ते सशाला विषारी आहेत. हे फोनवरच सांगणारा डॉक्टर मिळाला तर उरलेले प्रश्न गुंडाळून सरळ अपॉइंटमेंट घ्यावी.

वेळ असेल तर भुलेचंही विचारावं. आयसोफ्लुरेनसारखा गॅस आहे का, महिन्यात सशांच्या साधारण किती नसबंद्या होतात, नंतर वेदनाशामक घरी देता का? मेलॉक्सिकॅम सशाला किलोमागे कुत्र्यापेक्षा बरंच जास्त लागतं. कुत्र्याच्या तक्त्यावरून डोस काढला तर औषध दिल्याचं समाधान आपल्याला आणि दुखणं सशाला. नसबंदीचा विषय मादीसाठी जास्त महत्त्वाचा, कारण ती न केलेल्या माद्यांत वय वाढलं की गर्भाशयाचा कॅन्सर फार आढळतो. शिवाय बाजारात "दोन्ही माद्याच आहेत, बिनधास्त घ्या" म्हणून विकलेल्या जोडीला साधारण एकतीस दिवसांनी पिल्लं होण्याची प्रथा आहे. तेव्हा पहिल्याच भेटीत नर-मादीची खात्री करून घ्यावी आणि नावं त्यानंतर ठेवावीत.

जायचं कुठे? परळला मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय 1886 पासून उभं आहे आणि त्याच आवारात बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय आहे. महालक्ष्मीला 2024 मध्ये टाटा ट्रस्ट्सचं लहान प्राण्यांचं रुग्णालय सुरू झालं. बाकी उपनगरांत 'एक्झॉटिक', म्हणजे कुत्रा-मांजर सोडून इतर पाळीव प्राणी, अशी पाटी लावणारे खासगी डॉक्टर आहेत. त्यांची फी पाटीला शोभेल अशी असते, पण बहुतेकदा सशाचे दात वाकून बघणारेही तेच असतात. मोठं रुग्णालय असलं तरी आधी फोन करून त्या दिवशी ससा बघणारे डॉक्टर आहेत का ते विचारावं. इमारत ससा तपासत नाही.

प्रवासाचं म्हणाल तर रिक्षा वांद्र्यापर्यंत किंवा शीवपर्यंत. पुढे टॅक्सी. "जनावर नाही, ससा आहे" हे ड्रायव्हरला बसायच्या आधी सांगायचं, बसल्यावर नाही. पेटी टणक प्लास्टिकची आणि वरून उघडणारी घ्यावी, कारण समोरच्या दारातून ससा बाहेर ओढताना त्याने मागच्या पायांनी लाथ झाडली तर त्याचाच मणका मोडू शकतो. पाय इतके जोरदार आणि हाडं इतकी हलकी, अशी त्याची रचना. तळाला पाय न घसरणारा टॉवेल, त्यावर मूठभर गवत. एप्रिल-मे आणि ऑक्टोबरात टॉवेलात गुंडाळलेली गोठवलेली पाण्याची बाटली शेजारी ठेवायची. सशाला घाम येत नाही, तो उष्णता कानांवाटे सोडतो आणि तिशीच्या वरचं दमट तापमान त्याला झेपत नाही. दवाखान्यात पेटी जमिनीवर ठेवू नये. तिथे रॉटवायलर बसलेला असतो. त्याच्या मनात काही नसतं, पण सशाला ते कसं कळणार? कंपाउंडरला नंबर देऊन टॅक्सीतच बसून राहिलेलं बरं.

निघताना बरोबर एक डबी घ्यावी. डबीत लेंड्या. आम्हा ससेवाल्यांचे व्हॉट्सॲप ग्रुप जेवताना उघडू नयेत. तिथे गुड मॉर्निंगच्या फुलांऐवजी लेंड्यांचे फोटो येतात आणि खाली "वा, काय छान गोल आहेत!" अशा दाद देणाऱ्या कॉमेंट. यात हसण्यासारखं काही नाही. खाणाऱ्या सशाची लेंडी हरभऱ्याएवढी, गोल, कोरडी आणि मोडली तर आत गवताचा भुसा दिसणारी. लहान, कडक, वेडीवाकडी असेल तर खाणं कमी झालंय किंवा काहीतरी दुखतंय. केसांत ओवलेली माळ असेल तर केस गळताहेत, रोज विंचरा. मऊ, चकचकीत घोस असेल तर तो आजार नव्हे. ते त्याने स्वतः खाण्यासाठी बनवलेलं असतं, त्यातून त्याला जीवनसत्त्वं मिळतात. पाहुण्यांना हे समजावून सांगायच्या भानगडीत पडू नये. मात्र तो घोस न खाता तसाच पडून राहायला लागला तर पेलेट्स (सशाच्या तयार खाद्याच्या गोळ्या) आणि गोड कमी करायची वेळ आली. आणि पिल्लाला पाण्यासारखं होत असेल तर डबीबिबी शोधू नका, निघा.

टेबलावर डॉक्टर काय करतात ते नीट बघावं. खाली टॉवेल घालून, एक हात छातीखाली आणि एक ढुंगणाखाली घेऊन उचलला तर उत्तम. कान धरून उचलला तर आपण उठावं. वजन ग्रॅममध्ये व्हायला हवं. दीड किलोच्या सशाचं शंभर ग्रॅम घटणं म्हणजे आपलं चार-साडेचार किलो. पुढचे दात सगळेच बघतात, पण खोड असते दाढांत. एकूण दात अठ्ठावीस, सगळे जन्मभर वाढणारे, आणि गवत चावूनच झिजणारे. दाढेला धार आली की ती जिभेत किंवा गालात रुतते, ससा भुकेला असूनही खात नाही. म्हणून कान तपासायची दुर्बीण तोंडात घालून दाढा बघणारा डॉक्टर पाहिजे. "गाजर देत जा" म्हणणाऱ्या डॉक्टरांना मान डोलवावी आणि गाजर देऊ नये. कधीतरी एखादी चकती ठीक, बाकी ती साखर आहे.

मग द्यायचं काय? गवत, गवत आणि गवत. परदेशी टिमथी गवताची पिशवी पावसाळ्यात हवाबंद ठेवली नाही तर बुरशी धरते, आणि किंमत बघून आपलीच भूक मरते. दूर्वा चालतात. संकष्टीला घरातले सगळे उपास करत असतात आणि ससा एकटा कोपऱ्यात बाप्पाच्या वाट्याच्या दूर्वा चघळत असतो. फक्त त्या नीट धुवून, निथळून द्याव्यात आणि बाजाराच्या फुटपाथवर पायदळी आलेल्या घेऊ नयेत.

घरी आल्यावर उरतं ते भरवणं. पोट नगाऱ्यासारखं फुगून कडक असेल तर काहीही भरवू नका, पुन्हा डॉक्टरांकडे. डॉक्टरांनी भरवायला सांगितलं असेल तर रिकव्हरी फूडची, म्हणजे आजारी सशाला भरवायच्या तयार खाद्याची, पूड कोमट पाण्यात कालवा. ती मिळाली नाही तर गवताच्या पेलेट्स भिजवून मऊ कुस्करा. दिवसाला किलोमागे साधारण 50 मिली, चार-पाच वेळांत विभागून. ससा दुपट्यात गुंडाळायचा, सिरिंज पुढच्या दातांच्या मागे जी फट असते तिथून बाजूने घालायची आणि एकेक मिली सोडत, तो गिळेपर्यंत थांबायचं. सरळ घशात मारलं तर फुप्फुसात जातं. कडू औषध आधी केळ्याच्या नखाएवढ्या तुकड्याला चोपडून बघावं. पहिल्या दिवशी खातो. दुसऱ्या दिवशी केळ्याचा वास घेतो, आपल्याकडे बघतो आणि पाठ फिरवतो. मग पपई.