मोटार भरायला शिकवायचं कोणी?

गणपतीला कुडाळला गेलो की एक वाद ठरलेला: कोकणातल्या पोरांना हात काळे करायला नकोत, म्हणून वायरमन, गवंडी सगळे बाहेरून आणावे लागतात. यंदाही भजन आटोपल्यावर तो निघालाच. नऊ वर्षं जर्मनीत स्टुटगार्टला राहिल्यावर मला हे पटेनासं झालंय.

माझा मामेभाऊ, दादा, बाजारात पंपाच्या मोटारी भरून देतो, म्हणजे जळलेली कॉइल काढून तांब्याच्या तारेची नवी गुंडाळतो. मार्चनंतर विहिरींवरच्या जळक्या मोटारी दुकानात ओळीनं येऊन पडतात. जुनी कॉइल काढताना दादा एकेका खाचेतले वेढे मोजतो, तारेचा गेज, म्हणजे जाडी, बघतो आणि तेलकट वहीत टिपून ठेवतो. वेढे चुकले की मोटार पुन्हा तापणार. हे हातात बसायला दोन-तीन वर्षं जातात. "पोरगो ठेव की," म्हटलं, तर म्हणाला, "शिकलो काय तो पुण्याक जातलो. आणि शिकताना फुकट घालवलेलो तांबो माझ्याच खिशातसून जाता."

एक आला होता, चांगला हात होता त्याचा. चार महिन्यांत त्याच्या आईनं विचारलं, शेवटी कागद काय मिळणार? दादाकडे उत्तर नव्हतं. मुलगा गेला. त्याला आळशी म्हणायची माझी तयारी नाही.

स्टुटगार्टला माझ्या गल्लीत असंच चार माणसांचं वर्कशॉप आहे आणि तिथे कायम एक शिकाऊ असतो. साडेतीन वर्षांचा लेखी करार, कारागिरांच्या चेंबरकडे, म्हणजे त्यांच्या अधिकृत संस्थेकडे, नोंदलेला. आठवड्यातले एक-दोन दिवस शाळा, बाकी कामावर. परीक्षा चेंबर घेतं, दाखला देशभर चालतो. शिकाऊचा पगार मालकच देतो आणि पोरगा सोडून जायची भीती त्यालाही असते. पण शेजारचाही कुणाला तरी शिकवत असतो, त्यामुळे एक गेला तरी दुसरा तयार मिळतो. जागा रिकाम्या इथेही राहतात, हे खरं.

आपल्याकडे शिकाऊ उमेदवारी कायदा १९६१ पासून आहे. २०१९ च्या नियमांनुसार तीस किंवा जास्त माणसं असतील तर शिकाऊ घेणं सक्तीचं, चार ते एकोणतीस असतील तर ऐच्छिक. दादाच्या दुकानात दोघंच. कोकणातली कारागिरी अशाच दोन-तीन माणसांच्या दुकानांत आहे आणि तीच कायद्याच्या उंबऱ्याबाहेर राहिलीय.

अनेक मालकांनी एकत्र येऊन शिकाऊ घ्यायची सोय कायद्यात आहे. पण करार, पोर्टल, हजेरी, विद्यावेतन हे सगळं सांभाळणार कोण? दादा तर दिवसभर वेढे मोजतोय. तालुक्याच्या व्यापाऱ्यांनी मिळून त्यासाठी एक कारकून ठेवावा. पहिल्या वर्षाच्या त्याच्या पगारातला माझा वाटा मी पाठवतो, असं दादाला सांगून आलोय.