कळफलकावरचा कोळसा

संगणकावरच्या बहुतेक खेळांत माणूस दोन-चार कळा दाबून राज्ये जिंकतो. ‘फ्लाइंग स्कॉट्समन’ हे वाफेचे इंजिन ॲड-ऑन म्हणून, म्हणजे मूळ खेळाला जोडायची पुरवणी म्हणून, रेल्वे सिम्युलेटरमध्ये (आगगाडी चालवण्याच्या खेळात) उतरवून घेतले, की तितक्याच कळा दाबून ते जागचे हलतसुद्धा नाही. दिसायला ते देखणे आहे, यात वाद नाही. १९२३ साली डॉनकास्टरच्या कारखान्यातून बाहेर पडलेले, अभियंते नायजेल ग्रेस्ली यांच्या आराखड्याचे हे इंजिन ४४७२ हा क्रमांक मिरवत, सफरचंदी हिरव्या रंगात, रिव्हेटांसकट पडद्यावर उभे राहते आणि डोळे निवतात. ॲड-ऑन बनवणाऱ्याचा इतिहासाचा व्यासंग दांडगा असावा. खेळणाऱ्याच्या मनःशांतीचा विचार मात्र त्या व्यासंगात बसलेला दिसत नाही.

डिझेल इंजिनाचा एक दांडा पुढे केला की गाडी पुढे जाते. येथे आधी ब्रेक सुटावेत म्हणून त्यांच्या नळीत २१ इंचांची (पाऱ्याच्या मापाने) निर्वात पोकळी तयार करायची, इंजिनाची दिशा ठरवणारा रिव्हर्सर पूर्ण पुढे फिरवायचा, सिलिंडरचे कॉक उघडून आत साचलेले पाणी बाहेर काढायचे, आणि मग सिलिंडरला वाफ सोडणारा रेग्युलेटर इतक्या हळुवारपणे उघडायचा की तो उघडला आहे हे इंजिनाला कळावे, पण चाकांना कळू नये. कारण लंडनच्या किंग्ज क्रॉस स्थानकातून निघाल्याबरोबर गॅसवर्क्सचा बोगदा लागतो आणि त्यापुढे शंभरेक फुटांत एक फूट चढणारी चढण. रूळ ओले असले की सहा मोठी चाके जागच्या जागी गरगर फिरतात, धुराड्यातून तोफखाना सुटल्याचा आवाज येतो, आणि मागचे डबे हा सगळा प्रकार स्थितप्रज्ञ वृत्तीने पाहत उभे राहतात.

गाडी निघाली की खरी साडेसाती सुरू होते. या इंजिनावर प्रत्यक्षात दोन माणसे असत: ड्रायव्हर गाडी चालवी आणि फायरमन वाफ बनवी. खेळात ‘तज्ज्ञ’ हा पर्याय निवडण्याचा बाणेदारपणा ज्याने दाखवला, त्याला दोन्ही नोकऱ्या एकाच वेळी मिळतात. वाफेचा स्वभाव असा, की ती हुकूम ऐकते, पण सवडीने. आत्ता टाकलेला कोळसा पुढच्या चढावर कामी येतो, आणि मागच्या चढावर न टाकलेल्या कोळशाचा जाब आत्ता विचारला जातो. भट्टीला तान्ह्या मुलाप्रमाणे थोडे थोडे आणि वारंवार भरवावे लागते. एकदम फावडी ओतली तर काळ्या धुराचे लोट उठतात, आणि भट्टीचे दार उघडे राहिले तर थंड हवा आत शिरून विस्तव रुसतो. बॉयलरचा दाब दर चौरस इंचाला १८० पौंडांच्या आसपास ठेवायचा असतो. त्याच्या वर गेला की सेफ्टी व्हॉल्व्ह उघडतो आणि कष्टाने जमवलेली वाफ मोठ्या आवाजात आकाशाला अर्पण होते.

दाब उतरवायचा सोपा उपाय म्हणजे इंजेक्टर लावून बॉयलरमध्ये थंड पाणी सोडणे. उपाय इतका गुणकारी, की दाब उतरायचा थांबतच नाही. पाणी घातले तर वाफ जाते आणि वाफ सांभाळली तर पाणी जाते. पाणी फार चढले तर ते वाफेबरोबर सिलिंडरमध्ये शिरते. फार उतरले तर भट्टीचे छत उघडे पडते, त्यातला शिशाचा प्लग वितळतो, आणि पडद्यावर एक सभ्य संदेश येऊन आपली सेवा समाप्त झाल्याचे कळवतो. त्यामुळे माझे अर्धे लक्ष सतत पाण्याच्या काचनळीवर असते आणि उरलेल्या अर्ध्यात सिग्नल, वेगमर्यादा व घरातील मंडळी यांना भागवून घ्यावे लागते. जेवायला बोलावले असता “ग्रँथम गेले की येतो” हे उत्तर मला संपूर्ण समाधानकारक वाटते. इतरांना ते तसे वाटत नाही.

त्यात वाटेत पाणी भरायचे, तेही न थांबता. वेरिंग्टन, मस्कम, स्क्रूबी अशा ठिकाणी रुळांच्या मधोमध पाण्याच्या लांब पन्हळी आहेत. भरधाव गाडीतून टेंडरखालचा, म्हणजे इंजिनामागच्या कोळसा-पाण्याच्या डब्याखालचा, स्कूप (पाणी उपसणारे तोंड) नेमका त्या पन्हळीत सोडायचा आणि ती संपण्याआधी वर ओढायचा. दोन्हींसाठी कळ एकच आहे, आणि ती ब्रेकच्या कळीला खेटून आहे. ही मांडणी ज्याने केली, त्याला एकदा तरी ओल्या रुळांवर मस्कम गाठायला लावावे, अशी माझी नम्र इच्छा आहे.

१ मे १९२८ रोजी या इंजिनाने लंडन ते एडिंबरा हे सुमारे ३९२ मैलांचे अंतर एकदाही न थांबता कापले. एवढा वेळ एका जोडीला राबवणे अमानुष ठरले असते, म्हणून ग्रेस्ली यांनी टेंडरच्या कडेने १८ इंच रुंद आणि ५ फूट उंच असा बोळ ठेवला होता. यॉर्क मागे पडले की ताज्या दमाची दुसरी जोडी त्यातून इंजिनावर येई आणि पहिली जोडी डब्यात जाऊन विसावे. ॲड-ऑनमध्ये हा बोळ हुबेहूब आहे. कॅमेरा वाकवून त्यातून पलीकडे जाताही येते. फक्त पलीकडच्या डब्यात दुसरी जोडी बसवलेली नाही, आणि तेवढ्या वेळात इंजिनावर कोणीही नसते.

विशेष म्हणजे ही गाडी फार वेगाने हाकायचीच नव्हती. प्रतिस्पर्धी रेल्वे कंपन्यांमधल्या जुन्या करारामुळे प्रवासाला सव्वाआठ तास ठरलेले होते, म्हणजे सरासरी ताशी ४८ मैलसुद्धा नाही. ताशी १०० मैलांचा टप्पा याच इंजिनाने गाठला, पण तो पुढे ३० नोव्हेंबर १९३४ रोजी, वेगळ्या गाडीवर. १९२८ च्या गाडीत तर प्रवाशांच्या सोयीसाठी केशकर्तनाचे दालनही होते. सिग्नल उशिरा दिसला आणि मी निर्वात पोकळी एका दमात घालवून ब्रेक लावला, की माझ्या डोळ्यांपुढे त्या दालनात मान मागे टाकून दाढीला बसलेला गृहस्थ आणि वस्तरा धरलेला कारागीर उभे राहतात. प्रवासाच्या अखेरीस खेळ जो तक्ता दाखवतो, त्यात उशीर, कोळसा आणि पाणी यांचा चोख हिशेब असतो. त्या गृहस्थासाठी मात्र रकाना नाही, आणि याबद्दल मी ॲड-ऑन बनवणाऱ्याचा मनापासून ऋणी आहे.