नाटकाचा अभ्यासकही नाटकवालाच असतो

2025च्या फेब्रुवारीत दिल्लीत 98वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं आणि डॉ. तारा भवाळकर अध्यक्ष झाल्या. संमेलनाच्या इतिहासातल्या त्या सहाव्या महिला अध्यक्ष. त्या दिवसांत जिथे बघावं तिथे त्यांची ओळख 'लोकसाहित्याच्या ज्येष्ठ अभ्यासक' अशी होती. ओळख खरीच आहे, पण नाट्यशास्त्र शिकलेल्या माझ्यासारखीला ती अपुरी वाटली आणि ती सल अजून गेलेली नाही. ताराबाईंची पीएच.डी. मराठी पौराणिक नाटकांच्या जडणघडणीवर आहे. यक्षगान हा कर्नाटकातला गाण्या-नाचाचा पारंपरिक नाट्यप्रकार आणि मराठी नाटक यांचं नातं काय, पुराणातली मिथकं रंगमंचावर येताना कशी बदलतात, याचा त्यांनी वर्षानुवर्षं पिच्छा पुरवला. आणि हे सगळं सांगलीच्या एका महिला महाविद्यालयात 1970 पासून 1999 पर्यंत मराठी शिकवता शिकवता.

आपल्याकडे नाटकवाला म्हटलं की नट, लेखक, दिग्दर्शक. फार तर नेपथ्यकार आणि प्रकाशयोजनाकार. अभ्यासक मात्र 'नाटकावर लिहिणारा', म्हणजे बाहेरचा. हे मला अजिबात मान्य नाही. नाटक रात्री संपतं. नंतर त्याचं जे काही उरतं ते कुणीतरी शोधून, जुळवून, तपासून ठेवलं म्हणून उरतं. ते करणारा माणूस बाहेरचा कसा?

भाव्यांचंच उदाहरण घ्या. 5 नोव्हेंबरला आपण रंगभूमी दिन साजरा करतो, कारण 1843 साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयाने सांगलीत 'सीता स्वयंवर' केलं. पण त्या नाटकाची आज आपण जिला संहिता म्हणतो तशी संहिता नव्हतीच. सूत्रधार पदं म्हणायचा, आणि सोंगं घेतलेली मंडळी त्या पदांच्या आधाराने आयत्या वेळी बोलायची. गणपती यायचा, मोरावरची सरस्वती नाचून जायची, विदूषक मध्ये मध्ये लुडबुडायचा, राक्षस अललडुर्र करत यायचे. भाव्यांनी पुढे 1885 मध्ये आपल्या नाट्यकविता छापल्या म्हणून पदं तरी हाती लागली. बोलणं हवेत गेलं. मग तो प्रयोग दिसत कसा होता, हे सांगायचं कुठून? जुन्या वर्तमानपत्रांतल्या जाहिराती, कुणाच्या आठवणी, आणि आजही जिवंत असलेले त्याच कुळातले खेळ, यांतून. सांगलीत भाव्यांच्या आधी कर्नाटकातली भागवत मंडळी यक्षगानाच्या वळणाचे खेळ करून गेली होती. म्हणजे ज्याला हा प्रयोग समजून घ्यायचा आहे त्याला कर्नाटकात जाऊन यक्षगान बघावं लागतं, कोकणात उतरून दशावतार बघावा लागतो. वाचनालयात बसून हे भागत नाही.

दशावताराचं मी जवळून पाहिलेलं सांगते. जत्रेच्या रात्री मंडळी पेटारे घेऊन देवळात येतात. जो तो आपला रंग आपणच लावतो. आज कुठलं आख्यान लावायचं हे तिथे ठरतं. मालक चार वाक्यांत कथा सांगतो, कोण कुणाच्या आधी येणार आणि युद्ध कुठे हे सांगतो, की झालं. पुढे पहाटेपर्यंत संवाद चालतात आणि एक ओळ लिहिलेली नसते. पायपेटीवाल्याकडे, म्हणजे पायाने भाता हलवत पेटी वाजवणाऱ्याकडे, नीट लक्ष ठेवा. नटाचं बोलणं कुठे वळतंय हे ओळखून तो सूर बदलतो, नट रेंगाळला तर त्याला पुढे ढकलतो. प्रवेश तोच बांधत असतो. हे एका रात्रीत उमगत नाही. त्याच कंपनीचं तेच आख्यान दोन-तीन गावांत बघावं, नटांशी बोलावं, ध्वनिमुद्रण करून पुन्हा ऐकावं, तेव्हा कुठे वहीत चार धड ओळी उतरतात. भाव्यांच्या पदांमधल्या रिकाम्या जागा या रात्री बघितल्यावर वाचता येतात, एरवी ते पुस्तक नुसत्या जुन्या कवितांचं वाटतं.

आणि महात्मा फुल्यांचं 'तृतीय रत्न'? 1855 साली लिहून झालं, पुस्तकांना सरकारी बक्षीस देणाऱ्या दक्षिणा प्राइज कमिटीने ते नाकारलं, आणि छापून आलं थेट 1979 मध्ये. मधली 124 वर्षं मराठी नाटकाचा इतिहास त्याच्याशिवाय सांगितला जात होता. ते प्रसिद्ध झालं आणि आधुनिक मराठी नाटक कुठून सुरू झालं, हा प्रश्न पुन्हा मांडावा लागला. एक हस्तलिखित उजेडात येणं म्हणजे काय, हे यावरून कळावं. तंजावरच्या भोसल्यांच्या दरबारातली मराठी नाटकं भाव्यांच्या कितीतरी आधीची. तिथल्याच सरस्वती महाल ग्रंथालयात ती आहेत. त्यांच्यावर किती काम व्हायचं राहिलंय!

एका अख्ख्या पिढीने ही कामं केली. डॉ. अशोक दा. रानडे मुंबई विद्यापीठाच्या संगीत केंद्रात होते आणि नाट्यसंगीताकडे त्यांनी नुसतं गाणं म्हणून न बघता रंगमंचावरचं गाणं म्हणून बघितलं. रुस्तुम अचलखांब औरंगाबादच्या विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकवत आणि तमाशावर लिहीत. वि. भा. देशपांड्यांनी मराठी नाट्यकोशाचं संपादन केलं. आजही एखादं साल तपासायचं तर मी आधी तिकडे धावते.

आता आजची गोष्ट. नाट्यशास्त्रात एम.ए., मग नेट ही प्राध्यापकीची पात्रता परीक्षा, मग पीएच.डी., आणि मग तासिका तत्त्व, म्हणजे घेतलेल्या तासांपुरते पैसे. माझ्या ओळखीतली चांगली, जाणती माणसं वर्षानुवर्षं तासांवर शिकवताहेत. सुट्टीत पैसे नाहीत, पुढच्या वर्षी बोलावतील की नाही माहीत नाही. अशा माणसाने दशावतारामागे गावोगाव कसं जायचं? प्रवास खिशातून, राहणं ओळखीच्यांकडे. मंजूर पदं रिकामी ठेवून विभाग चालवायचा आणि वर 'संशोधनाचा दर्जा घसरला' म्हणून गळा काढायचा, हे मला सहन होत नाही.

दुसरी गोष्ट प्राध्यापकांच्या निवडीत आणि बढतीत धरल्या जाणाऱ्या संशोधनाच्या गुणांची. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018च्या नियमावलीत मानव्य शाखांत मान्यताप्राप्त नियतकालिकातल्या एका निबंधाला 10 गुण आहेत, आणि राष्ट्रीय प्रकाशकाकडून आलेल्या अख्ख्या पुस्तकालाही 10. पुस्तकाच्या अनुवादाला 8. दहा वर्षं खपून लिहिलेला ग्रंथ आणि दहा पानांचा निबंध एकाच वजनाचे! एका मुलाखतीत माझ्यापुढे हाच तक्ता होता. रात्री जागून केलेली ध्वनिमुद्रणं आणि नोंदवह्या दाखवल्या, तर 'याचे गुण कुठल्या रकान्यात धरायचे?' असा प्रश्न आला. विचारणाऱ्या बाई वाईट नव्हत्या. रकानाच नव्हता. तोच तक्ता ताराबाईंच्या पिढीला लावला असता तर त्यांच्यातले किती जण टिकले असते, हा विचार तेव्हापासून माझ्या डोक्यात आहे.

नाटक करून दाखवणाऱ्या कलावंतांना शिकवायला घेण्याची वाट त्याच नियमावलीत आहे, आणि ते फार चांगलं आहे. मुलांना तालीम घेणारा माणूस हवाच. पण तालीम घेणाऱ्याच्या शेजारी इतिहास माहीत असणाराही हवा. ही मुलं पुढे मालिकांत जावोत की व्यावसायिक नाटकात, आपण कुठल्या परंपरेत उभे आहोत हे त्यांना कुणीतरी सांगायला नको?

माझं मागणं साधं आहे. रिकामी पदं भरा. क्षेत्रकार्याचे, ध्वनिमुद्रणाचे, हस्तलिखितांच्या संपादनाचे गुण धरा. पुस्तक आणि निबंध एका पारड्यात तोलू नका. अभ्यासकाला वर्षभराची रजा पगारासकट द्या आणि जाऊ द्या त्याला कुडाळला, उडुपीला, तंजावरला. रंगभूमी दिनाच्या सत्कारात नटाच्या शेजारी एक खुर्ची नाट्य-अभ्यासकाची असू द्या.

आणि ही पोस्ट वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या घरात आजोबा-पणजोबांच्या काळातल्या नाटक मंडळीच्या नकला (हाताने उतरवून घेतलेल्या संहिता), हिशेबाच्या वह्या, हँडबिलं, तमाशाच्या वगांची बाडं पडून असतील, तर कृपा करून रद्दीत घालू नका. वाळवी लागलेली असली तरी चालेल, शेवटची पानं नसली तरी चालेल. जवळच्या विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागात फोन करा, किंवा मला मेसेज करा. मी येऊन बघते.