आयटी पार्क आला तरी उधारी कोण वसूल करणार?

कोल्हापूरच्या आयटी पार्कवरून आमच्यात निघालेल्या वादाला तोंड फोडलं हिंजवडीकरानं. तो मूळचा शिवाजी पेठेतलाच, पण पुण्याच्या हिंजवडी आयटी पार्कातल्या कंपनीत गेल्यापासून हेच नाव चिकटलंय. "कोल्हापुरात आयटी पार्क झाला असता तर मी त्या ट्रॅफिकमध्ये कशाला कुजलो असतो? इथं आयटी कंपन्याच नाहीत."

"मग मी काय रंकाळ्यावर भेळेचा गाडा लावलाय व्हय?" एएमसीवाला उसळला.

त्याची कंपनी छोटी आहे. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीतल्या फौंड्र्या, काही पतसंस्था, काही दवाखाने, यांचे कॉम्प्युटर, नेटवर्क, बॅकअप आणि टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचं रडगाणं तो सांभाळतो. वर्षाच्या देखभालीचा करार, म्हणजे एएमसी, म्हणून हे नाव. आयटीचं नाव निघालं की त्याला कुणी मोजत नाही, हे त्याचं जुनं दुखणं.

"ते सर्व्हिसिंग झालं, मर्दा. आयटी म्हणजे एक्स्पोर्ट. डॉलर."

इथं सर मध्ये पडले. सर पॉलिटेक्निकला शिकवतात, त्यामुळे सनावळी तोंडपाठ. "पुणं बिल्डिंगी बांधून झालेलं नाही. सीडॅक ही सरकारची संगणक संशोधन संस्था 1988 ची. पर्सिस्टंट आणि केपीआयटी या सॉफ्टवेअर कंपन्या 1990 च्या. सरकारची सॉफ्टवेअर पार्कची योजना आली तेव्हा पुण्याचा नंबर पहिल्यांत लागला. माणसं आधी होती, हिंजवडी नंतर. आणि सर्व्हिसिंगला हसू नकोस. क्विक हीलचे कैलास काटकर आधी कॅल्क्युलेटर दुरुस्त करायचे, मग कॉम्प्युटर. गिऱ्हाइकांची मशीनं व्हायरसनं बंद पडायला लागली म्हणून भाऊ संजय यांनी अँटिव्हायरस लिहिला. 2016 मध्ये कंपनी शेअर बाजारात."

ही गोष्ट सर संधी मिळेल तिथं सांगतात. मला ती अर्धीच पटते. दुरुस्तीची दुकानं तेव्हा ढिगानं होती, क्विक हील एकच झाली. पण काम गिऱ्हाइकाच्या अडचणीतून निघतं, एवढं खरं.

एएमसीवाल्यानं तेच उचललं. "जीएसटीनं मला दिलं तेवढं काम कुठल्या पार्कनं दिलं नसतं. ई-इन्व्हॉइस, म्हणजे बिल सरकारी पोर्टलवर नोंदवणं, 2020 मध्ये 500 कोटींच्या वर उलाढाल असणाऱ्यांना लागू झालं, तेव्हा माझा काय संबंध? पण ती मर्यादा उतरत उतरत ऑगस्ट 2023 मध्ये 5 कोटींवर आली आणि अख्खी एमआयडीसी मला फोन करायला लागली. आणि 2019 चा पूर आठव. शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली. पुण्याचा व्हेंडर काय होडीतनं येणार होता? सर्व्हर उचलून माळ्यावर कुणी नेले?"

हिंजवडीकर जरा नरमला, पण हटला नाही. "मग तुझ्याकडं पोरं का टिकत नाहीत?"

हे वर्मी लागलं. पोरगं फायरवॉल लावण्याइतकं तयार झालं की पुण्याची गाडी धरतं. एएमसीवाल्यानं मागं वैतागून करारात घातलं होतं की नोकरी सोडल्यावर वर्षभर याच धंद्यात कुठं काम करायचं नाही. आमच्यातला सीए नुसता हसला. "कॉन्ट्रॅक्ट अॅक्ट, 1872, कलम 27. असली अट रद्दबातल, ती कागदावरच. आणि गंमत माहितीय? कॅलिफोर्नियातही असल्या अटींवरची बंदी 1872 चीच. डेव्हिड डडली फील्ड नावाच्या न्यूयॉर्कच्या वकिलानं मसुदा केला होता, दोन्हीकडं तिथूनच आली. खुद्द न्यूयॉर्कनं मात्र तो कायदा कधी केला नाही."

"म्हणजे सिलिकॉन व्हॅली आणि शिरोलीचा कायदा एक," सर खूश झाले. "तिथं पोरं या कंपनीतनं त्या कंपनीत उड्या मारतात, म्हणूनच तो भाग वाढला असं म्हणणारे पुष्कळ आहेत."

"उडी मारायला पलीकडं दुसरी कंपनी पाहिजे की," एएमसीवाला म्हणाला. "इथनं उडी मारली की थेट कात्रज." मग त्यानं बाँडचं विचारलं, म्हणजे ठरलेल्या मुदतीआधी नोकरी सोडली तर पैसे भरायची अट. सीएनं सांगितलं की नोकरी चालू असेपर्यंतचा बाँड वेगळा. मे 2025 मध्ये सुप्रीम कोर्टानं एका सरकारी बँकेचा तीन वर्षांचा, 2 लाखांचा बाँड उचलून धरलाय. "पण तिथं भरतीचा खर्च दाखवता आला. तुझी भरती म्हणजे शेजारच्याचा भाचा."

खरा वाद पुढं पैशावर आला, आणि मला विचाराल तर एवढा वेळ बोलायचं होतं ते हेच. पोरं जातात कारण पगार वेळेवर वाढत नाही, पगार वाढत नाही कारण बिलं वेळेवर येत नाहीत. वर बिल फाडलं की पैसे येवोत न येवोत, 18 टक्के जीएसटी रिटर्नबरोबर आपल्या खिशातनं.

"तुझी उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योगाची सरकारी नोंदणी, आहे ना?" सीए म्हणाला. "लेखी करार असला तरी 45 दिवसांच्या आत पैसे द्यायला लागतात. करार नसला तर 15. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. आणि 2023-24 पासून, मुदत उलटून मार्चअखेर थकलं तर तो खर्च गिऱ्हाइकाला इन्कम टॅक्समध्ये त्या वर्षी वजा मिळत नाही. फेब्रुवारीत फक्त एवढं आठवण करून दे, पळत येतील. पण तू एक घोळ करतोस. लॅपटॉप, केबल आणि एएमसी एकाच बिलात. माल आणून विकणं म्हणजे ट्रेडिंग. व्यापाऱ्याला उद्यम नोंदणी मिळते ती बँकेच्या प्राधान्य कर्जापुरती, हे कवच त्याला नाही. समोरचा वकील पहिलं हेच काढील."

"आणि थकलेल्या बिलाची सरकारी पोर्टलवर तक्रार?" हिंजवडीकरानं विचारलं.

"शिरोलीत तक्रार केली की संध्याकाळी सगळ्यांना कळतं," एएमसीवाला म्हणाला. " हे मालक एकमेकांचे पाहुणे. एकावर केस टाकली की चार गिऱ्हाइकं गेली."

मला वाटतं, हिंजवडीकर इथं पहिल्यांदा बरोबर ठरला, जरी त्याच्या ते लक्षात आलं नाही. पार्क झाला तर एएमसीवाल्याला डॉलर मिळणार नाहीत, पण पाहुणे नसलेली गिऱ्हाइकं मिळतील. बुडव्याला नाही म्हणायची ताकद दुसरं गिऱ्हाईक असलं तरच येते. सरांना हे पटलं नाही. त्यांचं म्हणणं, पार्कातल्या कंपन्या आपला कंत्राटदार पुण्याहूनच आणतील. तेही खोटं नसावं.

सीएनं तोवर पाकिटावर लिहून दिलं होतं: माल आणि सेवा यांची बिलं वेगळी, एएमसी दर तिमाहीला आगाऊ, मुदत करारात.

"आगाऊ मागितलं तर म्हणतील, हा पुण्याचा झाला."

"म्हणू देत."

एएमसीवाल्यानं पाकीट खिशात घातलं. "दवाखान्यांपासून सुरू करतो. फौंड्रीवाल्यांचं मार्चच्या तोंडावर बघू."