मैदान न गाजवलेला प्रशिक्षक

परभणीतल्या आमच्या शाळासोबत्यांमध्ये महिन्याभरापासून एक वाद पेटला आहे आणि इथे स्वीडनमध्ये, उप्सालाला राहून मीही त्यात रोज रात्री ओढला जातो आहे. जिल्ह्यातल्या पंधरा वर्षांखालील मुलांच्या फुटबॉल संघासाठी प्रशिक्षक ठरवायचा आहे. एक नाव राज्य पातळीवर खेळलेल्या, चेंडू पायाला चिकटून राहावा असा खेळ असलेल्या माजी खेळाडूचे आहे. दुसरे नाव आमच्या शाळेतल्या पी.टी.च्या सरांचे आहे. महाविद्यालयाच्या संघापलीकडे ते कधी खेळले नाहीत, पण अठरा वर्षांपासून शाळा सुटल्यावर मुलांना घेऊन मैदानावर उभे आहेत. बहुतेकांचा कौल पहिल्या नावाला आहे आणि त्यामागचा युक्तिवाद एका वाक्याचा आहे: ज्याने स्वतः मैदान गाजवले नाही, तो पोरांना काय शिकवणार?

हा प्रश्न मी गांभीर्याने घेतो, कारण अकरा वर्षांपूर्वी इथे आलो तेव्हा माझेही मत हेच होते. ते बदलले ते स्वीडनचे फुटबॉल प्रशिक्षक लार्स लागरबेक यांची कारकीर्द समजून घेतल्यावर. १९४८ साली जन्मलेले लागरबेक खेळाडू म्हणून खालच्या श्रेणीतील छोट्या क्लबांपलीकडे गेले नाहीत. त्यांचा खेळ हौशी होता आणि तो पाहायला कोणी तिकीट काढून आले नसते. स्टॉकहोमच्या शारीरिक शिक्षणाच्या महाविद्यालयात ते प्रशिक्षणशास्त्र शिकले आणि १९७७ मध्ये किलाफोर्स नावाच्या गावातल्या क्लबचे प्रशिक्षक झाले. तिथून आर्ब्रो, मग हुडिक्सवाल. ही नावे स्वीडनमधल्याही अनेकांना नकाशावर शोधावी लागतील. आपल्याकडच्या जिंतूर, सेलू, पाथरीसारख्या ठिकाणी एखाद्याने एक तप मुलांना शिकवत काढावे, तशी ती वर्षे होती. १९९० मध्ये स्वीडिश फुटबॉल महासंघाने त्यांच्याकडे युवा राष्ट्रीय संघाचे काम सोपवले. पुढे ते राष्ट्रीय ‘ब’ संघाकडे गेले, १९९८ मध्ये मुख्य संघाचे सहायक झाले आणि २००० मध्ये टॉमी सोदरबर्ग यांच्याबरोबरीने प्रमुख प्रशिक्षक झाले. २००० च्या युरो, म्हणजे युरोपातील देशांच्या स्पर्धेपासून २००८ च्या युरोपर्यंत, मधल्या दोन विश्वचषकांसह, सलग पाच मोठ्या स्पर्धांसाठी स्वीडन पात्र ठरले. त्यांच्या हाताखाली हेन्रिक लार्सन आणि झ्लातान इब्राहिमोविच हे जगभर गाजलेले आघाडीपटू खेळले. त्या दोघांना चेंडूचे तंत्र लागरबेक स्वतःच्या पायाने दाखवू शकत नव्हते, हे उघड आहे. अकरा जणांनी एकमेकांपासून किती अंतरावर उभे राहावे, चेंडू गेल्यावर कोणी कुठे धावावे, हे मात्र त्यांच्याइतके नेमके सांगणारे थोडेच होते.

त्यांच्या आइसलँडच्या कामगिरीची गोष्ट मला त्याहून महत्त्वाची वाटते. २०११ पासून त्यांनी तो संघ घडवला. त्यांचे सहकारी हैमिर हालग्रिम्सन हे व्यवसायाने दंतवैद्य होते. जेमतेम सव्वातीन लाख लोकसंख्येच्या, म्हणजे आपल्या परभणी शहराएवढ्या, या देशाने युरो २०१६ च्या पात्रता फेरीत नेदरलँड्सला दोनदा हरवले आणि २७ जून २०१६ रोजी फ्रान्समधील नीस येथे इंग्लंडला २-१ असे नमवून बाहेर काढले. दोन वर्षांनी हालग्रिम्सन यांनी एकट्याच्या जबाबदारीवर तोच संघ आइसलँडच्या पहिल्या विश्वचषकात नेला.

इथे माझ्या मुलीच्या संघाला प्रशिक्षक हवा होता तेव्हा क्लबने मलाही विचारले. आधी पोलिसांकडून माझ्या नावावर गुन्हा नसल्याचा उतारा आणावा लागला, मग महासंघाचा सर्वांत खालच्या पायरीचा छोटा अभ्यासक्रम करावा लागला. त्यात मला सर्वांत आधी हे शिकवले गेले की एका चेंडूमागे मुलांची रांग लावायची नाही, कारण रांगेत उभे असलेले मूल काही शिकत नाही. मला माझ्या शाळेतल्या रांगा आठवल्या. चाळीस मुले, एक चेंडू आणि तास संपण्याची घंटा. इथे सहा-सात वर्षांची मुले तीनास तीन खेळतात, आठ-नऊ वर्षांची पाचास पाच, बाराव्या वर्षापर्यंत सातास सात. बारा वर्षांपर्यंत गुणतालिकाच लावली जात नाही. मुलांना मोठ्यांच्या मैदानावर अकरास अकरा खेळवले तर निम्म्यांच्या पायाला चेंडू लागत नाही, हे साधे गणित त्यामागे आहे.

तरीही “स्वीडनसारखे करा” असे मी गावाकडे सांगणार नाही. इथले पालक संध्याकाळी पाचला मैदानावर विनामोबदला उभे राहू शकतात, कारण त्यांची नोकरी साडेचारला सुटते आणि एका पगारात पोटाची चिंता मिटलेली असते. कृत्रिम गवतावरचा बर्फ हटवायला नगरपालिकेचे यंत्र येते. आपले मैदान काळ्या मातीचे. पावसाळ्यात बूट रुतून बसतो आणि एप्रिलमध्ये त्याच जागी पाय मुरगळेल अशा भेगा पडतात. बीडमधली किती तरी मुले दिवाळीच्या सुमारास आई-वडिलांबरोबर ऊसतोडीला जातात आणि संघाच्या यादीतले नाव तेवढे मागे उरते. अशा ठिकाणी मुलांचा खेळ पालकांच्या सवडीवर चालणार नाही. तो पगारी, कायम आणि शिकलेल्या क्रीडा शिक्षकावरच चालेल. आणि नेमकी तीच जागा कित्येक शाळांत नसते, किंवा असलेल्या शिक्षकाला गणिताचे तास आणि जनगणनेची कामे दिली जातात. दहावीच्या सवलतीच्या गुणांसाठी जूनमध्ये मैदानावर येणारे आणि प्रमाणपत्र मिळताच दिसेनासे होणारे विद्यार्थी पाहिले की मला पालकांचा राग येत नाही. वर्षभर खेळावे असे त्यांच्या मुलाला कोणी काही दिलेलेच नसते.

या वादात माझ्या मित्रांना एक माणूस आठवत नाही, याचे मला वाईट वाटते. सय्यद अब्दुल रहीम हैदराबादच्या शाळांमध्ये शिक्षक होते. ते हौशी खेळाडू होते, आणि १९५० पासून १९६३ मध्ये निधन होईपर्यंत भारतीय संघाचे प्रशिक्षक होते. १९५१ च्या दिल्लीतील आशियाई स्पर्धेत भारताने सुवर्णपदक जिंकले तेव्हा मराठवाडा हैदराबाद राज्यातच होता. म्हणजे ते आपल्याच राज्यातले मास्तर होते. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारत चौथा आला. १९६२ मध्ये जकार्त्याच्या आशियाई स्पर्धेत, स्वतः कर्करोगाने खंगलेले असताना, त्यांनी डोक्याला टाके पडलेल्या जर्नेल सिंग या बचावपटूला पुढे आघाडीवर खेळवले. उपांत्य सामन्यात जर्नेलने गोल केला आणि दक्षिण कोरियाविरुद्धच्या अंतिम सामन्यातही. भारत २-१ ने जिंकला. हा निर्णय सुचायला पायातली जादू लागत नाही. आपला खेळाडू आतून-बाहेरून ओळखीचा असावा लागतो, आणि ती ओळख वर्षानुवर्षे मुलांमध्ये राहिलेल्या माणसाला होते.

म्हणून माझे मत सरांना आहे, आणि तेही एका स्पर्धेपुरते नको. निदान तीन वर्षे संघ त्यांच्याकडे असावा. पहिल्या पराभवानंतर प्रशिक्षक बदलण्याची आपल्याला घाई असते. किलाफोर्सच्या लोकांनी लागरबेकना १९८२ पर्यंत ठेवले होते. भारतीय फुटबॉल महासंघाचा ‘डी’ प्रमाणपत्राचा अभ्यासक्रम सरांना करता यावा यासाठी शुल्क आणि प्रवासखर्च आम्ही बाहेरगावी असलेल्यांनी उचलावा, असे मी सुचवले आहे. त्या माजी खेळाडूलाही सोबत घ्यावे. चेंडू कसा थांबवावा हे तो दाखवेल तेव्हा मुले डोळे मोठे करून पाहतील, आणि ते हवेच आहे. जबाबदारी मात्र सरांची राहावी.

वाद अजून मिटलेला नाही. परवा सरांचा फोन आला. माझ्या मताबद्दल ते एक शब्द बोलले नाहीत. “तुमच्याकडं लहान पोरांचे गोलपोस्ट केवढे असतात रे?” एवढेच त्यांनी विचारले. पाचास पाचसाठी तीन मीटर रुंद आणि दीड मीटर उंच, सातास सातसाठी पाच आणि दोन, असे मी सांगितले. त्यांनी आकडे दोनदा म्हणून लिहून घेतले. वेल्डिंगवाला दुकान बंद करायच्या आत त्यांना पाइप कापून घ्यायचे होते.