‘शिकंजा हा नवशिक्यांचा सोस’: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

लाकडाचे तिरके तुकडे गोंदानं जोडून केलेल्या पेनवरच्या माझ्या लेखाखाली, तुकडे आवळून धरणाऱ्या शिकंज्याबद्दल (क्लॅम्प) तुम्ही लिहिलंत: ‘शिकंजा हा नवशिक्यांचा सोस. हातानं चोळून दाबलं की सांधा बसतो. एवढं ठाऊक नसणाऱ्यानं दुसऱ्यांना शिकवायला बसू नये.’ पुढे ड्रिलिंगची घाई, तेलकट लाकूड आणि आडव्या छेदाला (लाकडाच्या रेषांना आडवं कापलेल्या तोंडाला) आधी पातळ गोंद पाजणं, असे तीन मुद्दे.

मान्य आहे ते आधी. तासाभरात ड्रिल करा असं मी लिहिलं, ते चुकलं. शिकंजा तासानं काढता येतो, पण भोक पाडण्याआधी पांढरा गोंद 24 तास वाळू द्यावा. लेखात दुरुस्ती केली आहे.

आता ‘नवशिक्या’. मी अकरा वर्षं लेथवर उभा आहे आणि हे सांगायची वेळ यावी याचंच वाईट वाटतं. चूक दाखवायला ना नाही. पण ‘शिकवायला बसू नये’ ही चूक दाखवायची भाषा झाली का? समोरासमोर बसून बोललो असतो तर हेच शब्द तुमच्या तोंडून निघाले असते?

आणि मी हातानं दाबून पाहिलंच नाही, हे तुम्ही कशावरून ठरवलंत? पहिलं वर्षभर तेच करत होतो. सरळ कापलेले तुकडे हातानं बसतात, कबूल. 45 अंशांचा काप मात्र उतार असतो. टोकांकडून दाबलं की त्या जोराचा सुमारे 71 टक्के भाग उताराच्या दिशेनं लागतो, आणि ओला गोंद तिथे वंगणाचं काम करतो.

शिसम आणि मेपलचा चार तुकड्यांचा एक ब्लँक (पेनसाठी जोडलेला लाकडी ठोकळा) मी अजून जपून ठेवलाय. 7 मिलिमीटरचं ड्रिल तिसऱ्या सांध्याशी पोचलं आणि ब्लँक उघडला, तुकडा फेस शील्डवर आपटला. मेपलच्या तोंडावर गोंद फक्त वरच्या अर्ध्या भागात होता. खाली कोरडं लाकूड, करवतीच्या रेघा जशाच्या तशा. दाबून धरलेली बोटं दोन-तीन मिनिटांत थरथरायला लागतात, तेवढ्यात तुकडा सरकला होता.

म्हणूनच तुकडे ठेवायला दोन पट्ट्या गुण्यात (काटकोनात) जोडून केलेली खाच, आत मेणकागद. टोकाचे तुकडे बाहेरच्या बाजूनं काटकोनातच कापलेले, म्हणजे शिकंज्याला सपाट जागा मिळते. आधी वरून हलका दाब, मग टोकांकडून, सांध्याच्या कडेला गोंदाचे बारीक मणी दिसेपर्यंत. क्रम उलटा केला की मधले तुकडे खाचेतून वर उचलले जातात. हे सगळं लेखात होतं. तुम्ही तिथपर्यंत वाचलंत की नाही, अशी शंका येते.

तेलकट लाकूड ॲसिटोननं पुसायचं, ते मी पुसतोच. पातळ गोंदाचा विषय वेगळा, त्यात इथे शिरत नाही.

तुम्ही हातानं दाबलेला, 45 अंशांचा, भोक पाडलेला एक ब्लँक मधोमध उभा चिरा आणि फोटो पाठवा. सगळे सांधे भरलेले दिसले, तर लेखाच्या वरच तो फोटो लावीन, तुमच्या नावासकट.