डबिंगच्या टेबलावर न टिकणारा विनोद

गेली अठरा वर्षे मी अंधेरीत परदेशी कार्टूनच्या हिंदी, आणि अधूनमधून मराठी, डबिंगचे संवाद लिहितो आहे. गेल्या महिन्यात एका जुन्या कार्टूनच्या नव्या आवृत्तीचा भाग माझ्याकडे आला. त्यात एका प्रसंगी नायिका रस्त्याने जाताना भिंतीवर तीस वर्षांपूर्वीच्या मालिकेतील स्वतःचेच चित्र पाहते, त्या काळी पैसे कमी पडायचे अशा अर्थाचे काही बोलते आणि थेट प्रेक्षकांकडे बघून डोळा मिचकावते. वाक्य जेमतेम दोन सेकंदांचे होते. मी ते चार तऱ्हांनी लिहिले. ओठांच्या हालचालीत चारही बसले, पण हसू एकानेही आले नाही. रेकॉर्डिंगला आलेल्या दहा वर्षांच्या मुलीने काचेपलीकडे हेडफोन सावरत ते पहिल्याच टेकमध्ये बिनचूक म्हटले आणि मग माइकमध्येच विचारले, "काका, पण यात हसायचं कुठे?"

तिला सांगण्यासारखे माझ्याजवळ काही नव्हते, कारण तो विनोद तिच्यासाठी नव्हताच. तो तिच्या आईवडिलांच्या वयाच्या माणसांसाठी होता, आणि त्यांच्यातही ज्यांनी ती जुनी मालिका पाहिली असेल त्यांच्यापुरताच.

मी गिरगावातल्या चाळीत वाढलो. १९९३ साली दूरदर्शनवर रविवारी मोगली लागायचा, तेव्हा आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत शेजारची मिळून पंधरा-वीस माणसे बसलेली असत. ती मालिका जपानमध्ये तयार झाली होती, मूळ कथा किपलिंगची होती, शीर्षकगीत गुलजारांचे होते आणि शेरखानला आवाज नाना पाटेकरांचा होता. माझ्या आजीला यातले काहीही ठाऊक नव्हते आणि असण्याची गरजही नव्हती. बल्लू घसरून पडला की ती पदर तोंडाला लावून हसायची. जपानी चित्रे, इंग्रजी कथा आणि हिंदी संवाद एवढा प्रवास करूनही जो विनोद एका मराठी म्हातारीपर्यंत पोहोचतो, त्याला मी विनोद म्हणतो. आज माझ्याकडे येणाऱ्या संहितांतील निम्मे विनोद स्वतःच्याच कंपनीच्या आवाराबाहेर पाऊल टाकू शकत नाहीत.

याहून मला अधिक खुपते ती त्यामागची चलाखी. स्वतःची थट्टा आपणच आधी करून टाकली की टीकाकाराच्या तोंडाला आपोआप कुलूप बसते, हे या कंपन्यांना पक्के कळले आहे. वॉर्नर ब्रदर्सच्या २०२१ च्या 'स्पेस जॅम' या चित्रपटात बास्केटबॉलपटू लेब्रॉन जेम्स सुरुवातीलाच कंपनीच्या अधिकाऱ्यांना तोंडावर सांगतो, की तुमची ही कल्पना वाईट आहे, आणि मग जवळजवळ तीच कल्पना आपण उरलेला वेळ पाहत बसतो. शेवटच्या सामन्याला वॉर्नरच्या मालकीच्या पात्रांची गर्दी लोटते. त्या गर्दीत 'अ क्लॉकवर्क ऑरेंज' या प्रौढांसाठीच्या हिंसक चित्रपटातले खुनशी टोळकेही उभे आहे. मुलांच्या चित्रपटात ते टोळके का आहे, याचे उत्तर एवढेच, की तेही कंपनीच्या गोदामात पडून होते.

२०२२ साली आलेला डिस्नेचा 'चिप अँड डेल' हा चित्रपट याच वाटेने गेला. त्यातील खलनायक म्हणजे वय वाढल्यामुळे काम गेलेला आणि त्या रागातून गुन्हेगारीकडे वळलेला पीटर पॅन, म्हणजे मूळ गोष्टीतला कधीच मोठा न होणारा मुलगा. आता हकीकत अशी, की १९५३ च्या चित्रपटात पीटर पॅनला आवाज देणाऱ्या बॉबी ड्रिस्कॉल या मुलाला बालकलाकार म्हणून ऑस्कर मिळाले होते. वयात येताच डिस्नेने त्याच्याशी असलेला करार संपवला, आणि १९६८ साली, अवघ्या एकतिसाव्या वर्षी, न्यूयॉर्कमधल्या एका ओसाड इमारतीत त्याचा मृतदेह मुलांना सापडला. ओळख न पटल्यामुळे तो बेवारस म्हणून पुरला गेला. लिहिणाऱ्यांच्या मनात तो होता असा आरोप मी करणार नाही. पण ज्या संस्थेच्या इतिहासात ही गोष्ट आहे, तिने हा विनोद करावा आणि आम्ही त्याला धाडसी म्हणावे, हे मला सहन होत नाही. मी रोज लहान मुलांचे आवाज रेकॉर्ड करतो. त्यांचे आवाज फुटू लागले की त्यांना फोन येणे बंद होते, हे मी डोळ्यांनी पाहतो.

कार्टूनने स्वतःबद्दल बोलूच नये, असे माझे म्हणणे नाही. त्याच १९५३ साली चक जोन्स यांनी 'डक अमक' हे सुमारे सात मिनिटांचे कार्टून केले. त्यातला डॅफी डक, म्हणजे एक बदक, तलवार घेऊन निघतो आणि चालता चालता मागचे चित्रच संपते. मग कोणीतरी त्याचा आवाज काढून घेते, रबराने त्यालाच पुसून टाकते, भलत्याच रंगांत रंगवते, आणि शेवटी चित्रकाराच्या टेबलावर बग्ज बनी हा ससा बसलेला दिसतो. हाही स्वतःवरचाच विनोद आहे, पण तो कागद, पेन्सिल आणि अगतिकता यांवर आहे. तो कळायला एकही जुना भाग पाहिलेला असावा लागत नाही.

आमच्या त्या वाक्यावर निर्मात्यांच्या प्रतिनिधीने तोडगा सुचवला, की तिथे एखाद्या गाजलेल्या हिंदी चित्रपटाचा संवाद टाकावा. म्हणजे परक्या आठवणीच्या जागी आपली आठवण चिकटवायची, विनोद मात्र दोन्हीकडे गैरहजर. मी नकार दिला आणि साधे सरळ वाक्य ठेवले.

ज्या पात्रांच्या आठवणींवर हा सगळा व्यवहार चालतो, त्यांच्यावर या कंपन्यांचा जीव तरी आहे का? २०२३ साली वॉर्नरने कोयोटी या कोल्ह्यासारख्या कार्टून पात्रावरचा पूर्ण तयार झालेला चित्रपट करात सूट मिळवण्यासाठी प्रदर्शित न करताच गुंडाळून ठेवायचे ठरवले. बराच गदारोळ झाल्यावर २०२५ मध्ये तो दुसऱ्या वितरकाने विकत घेतला. हा तोच कोयोटी, जो १९४९ पासून रोडरनर या पक्ष्याच्या मागे धावतो आहे, कड्यावरून पुढे जातो, हवेत थांबतो, खाली बघतो आणि मग कोसळतो. रोडरनरमागे धावताना तो तोंडातून शब्द काढत नाही. ती कार्टून माझ्याकडे कधी डबिंगला आली नाहीत, आणि गिरगावात ती पाहताना कोणाला काही समजावून सांगावे लागले नाही.